मोनालीच्या लग्नाचा दिवस

शांता रामटेकेला आपल्या मुलीचं लग्न आठवत नव्हतं. लग्न झालं होतं, त्या लग्नात ती होती, अल्बममधल्या कितीतरी फोटोंत उभी होती. पण तो दिवस तिच्यापाशी नव्हता. त्याच्या अलीकडचं आठवायचं, पलीकडचं आठवायचं. मधे काहीच नाही.

अलीकडचं म्हणजे रायपुरातल्या पंडरीच्या बाजारातली खरेदी. मोनालीसाठी बारीक जरीची पांढरी साडी काढायला सांगितली, तेव्हा दुकानदाराने "शादी में सफेद?" असं विचारलं होतं. आमच्यात बौद्ध पद्धतीने लग्न लागतं आणि नवरी पांढरीच नेसते, हे मोनालीनेच त्याला समजावून सांगितलं होतं. तिचं ते ठसक्यातलं बोलणं शांताच्या कानात अजून होतं. आणि पलीकडचं म्हणजे दवाखान्यातली एक उंच खिडकी आणि नवऱ्याने तिच्या तोंडाशी धरलेला चहाचा कप.

तिचा नवरा हिरालाल रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होता, लग्नाच्या आदल्या वर्षीच निवृत्त झालेला. त्याचे आजोबा भंडाऱ्याकडून कामाला म्हणून रायपुरात आले आणि घर इथलंच झालं. शांता घरी शिलाई करायची. कॉलनीतल्या बायका ब्लाऊज टाकायला यायच्या आणि तासभर बसूनच जायच्या, कारण शांताला बोलायला आवडायचं. मुलगा यशदीप नवा रायपूरमधल्या एका ऑफिसात कामाला होता. त्याला मराठी सगळी समजायची, पण उत्तर हिंदीतच द्यायचा.

आजार आला तो त्या खरेदीनंतर, हळूहळू. आधी पहाटेच जाग यायला लागली. मग जेवणाची चव गेली, मग शिलाई मशीन बंद पडली. "माझ्यापायी पोरीचं वाटोळं होईन," असं ती म्हणायची. काहून म्हणून विचारलं तर सांगता यायचं नाही. पोरगी जाणार म्हणून आईचा जीव खालीवर होतो आहे, असंच सगळ्यांनी धरून चाललं. शेजारच्या सुशीलाबाईंनी नजर उतरवायचं सुचवलं. हिरालालचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण हा आजार आहे, हे त्याच्याही ध्यानात आलं नाही. जवळच्या डॉक्टरकडून ताकदीच्या आणि झोपेच्या गोळ्या आणल्या. लग्नाचं भवन ठरलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. फेब्रुवारीत लग्न झालं आणि मोनाली गोंदियाला सासरी गेली.

त्यानंतर शांताने अन्न सोडलं, मग पाणीही. डोळे उघडे असायचे, पण समोरच्याकडे बघायची नाही. एके सकाळी यशदीप आणि हिरालालने तिला उचलून गाडीत घातलं आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं, आणि दुसऱ्या दिवशी तिला मानसिक आजारांच्या वॉर्डात हलवलं.

तिथल्या डॉक्टर राधिका मूळच्या अमरावतीच्या. त्यांनी बापलेकांना समोर बसवलं.

"हे डिप्रेशन आहे, फार खोलवर गेलेलं," त्या म्हणाल्या. "यात माणसाला आपण पापी आहोत, आपल्यामुळे घर बुडणार, असं खरोखर वाटायला लागतं. समजावून ते जात नाही. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि या पाणीही पीत नाहीत. तेवढा वेळ आपल्याकडे नाही. ईसीटी द्यावी असं मला वाटतं."

"म्हणजे बिजलीचा झटका?" हिरालालने विचारलं.

"हो. पण सिनेमात दाखवतात तसा नाही. आधी भूल देतो, अंग सैल पडायचं इंजेक्शन देतो. काही मिनिटांचं काम असतं, त्यांना काही कळत नाही. असं आठवड्यातून दोन-तीनदा, काही आठवडे."

"आणि नुकसान?"

"उठल्यावर थोडा वेळ गोंधळल्यासारखं होतं, डोकं दुखतं. आणि आठवणींवर परिणाम होतो. या मधल्या महिन्यांतलं काही पुसलं जाऊ शकतं. त्यातलं काही परत येतं, काही येत नाही."

हिरालालने आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "या महिन्यांतलं तिनं याद तरी काहून ठेवाचं, मॅडम?" आणि त्याने सही केली.

पहिल्या दोन वेळा काहीच फरक दिसला नाही. मग एका सकाळी हिरालाल चहाचा कप तिच्या तोंडाशी धरून बसला होता. ती एक घोट प्यायली, थांबली, आणि म्हणाली, "साखर नाही का इथं?"

हिरालालने कप खाली ठेवला. "आणतो," एवढंच म्हणून तो बाहेर गेला आणि जिन्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. साखर आणायला त्याला फार वेळ लागला.

उन्हाळ्यात शांता घरी आली. गोळ्या चालूच होत्या. हळूहळू भूक आली, झोप आली, बोलणं आलं. राखी पौर्णिमेच्या सुमारास मशीनही सुरू झाली. लग्न आठवत नाही हे तिला माहीत होतं, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. जीव वाचला होता, तेवढं पुरे होतं.

वाटायला लागलं ते दिवाळीच्या सुट्टीत. मोनाली आणि जावई अभिनव दोन दिवस राहायला आले होते. जेवताना अभिनवने लग्नातली गोष्ट काढली. गाथा म्हणताना भंतेजींना शिंक आली, मग सगळ्या वऱ्हाडालाच शिंका यायला लागल्या, अगरबत्त्याच इतक्या लावल्या होत्या. सगळे हसले. शांताही हसली. मग पोळी आणायला म्हणून आत गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. एवढी माणसं ज्या खोलीत जाऊन आली होती, तिथे तिला कुणी नेलंच नव्हतं, असं तिला वाटलं.

मोनाली परत गेल्यावर तिने विचारायला सुरुवात केली.

"मी काय करत होती त्या दिवशी?" तिने हिरालालला विचारलं.

"काय करणार? पाहुण्याइले पाहत होती. सगळ्याइशी बोलत होती."

"आणि बिदाईच्या वेळी?"

"चांगलं झालं सगळं. तू जेव आता."

सुशीलाबाई म्हणाल्या, "तू तर भल्ली रडली वं, शांताबाई. आम्हाले आवरता नाही आली." यशदीप मोबाइलवरून डोळे न काढता म्हणाला, "मम्मी, आप एकदम ठीक थीं." फोनवर मोनालीला विचारलं, तर ती म्हणाली, "बाद में बताती, मम्मी. ऑफिस में हूँ."

जे मिळालं ते शांताने गोळा केलं. अल्बम घेऊन दुपारी मशीनपाशी बसायची. हा भवनाचा दरवाजा, इथून वऱ्हाड आलं असेल. हे हार घालताना. इथे आपण हिरालालच्या शेजारी उभ्या आहोत. फोटोतल्या बाईचा चेहरा तिचाच होता, पण त्या बाईला काय वाटत होतं, हे काही केल्या कळायचं नाही. गिऱ्हाईक बायका आल्या की ती लग्नाची गोष्ट सांगायची, आपल्याला आठवतं आहे अशी. मोनाली कशी दिसत होती, आपण किती रडलो. सांगता सांगता कधी कधी क्षणभर खरंच दिसल्यासारखं व्हायचं, आणि मग ते सुशीलाबाईंचं वाक्य आहे, हे ध्यानात यायचं.

एकदा अशीच सांगत असताना पलीकडच्या गल्लीतली रुचिता म्हणाली, "पर काकू, तुम्ही तर आतल्या खोलीत..." आणि तिथेच बसलेल्या सुशीलाबाईंनी तिच्याकडे बघितलं, तशी ती गप्प झाली. ब्लाऊजचं माप देऊन लगेच निघून गेली.

पुढच्या तपासणीला शांताने डॉक्टरांना सरळ विचारलं. हिरालाल शेजारीच बसला होता.

"मॅडम, माझ्या पोरीचं लग्न मले वापस याद येईन का?"

राधिका मॅडमनी पेन खाली ठेवलं. "खरं सांगू? बहुतेक नाही. उपचारामुळे काही गेलं. पण त्या वेळी तुमचा आजार इतका खोल होता की डोळ्यांसमोरचं मनात उमटतही नसणार. जे यायचं ते एव्हाना आलं असतं."

"म्हणजे ते कुठंच नाही."

"तुमच्यात नाही. त्या दिवशी तिथे जे होते, त्यांच्यात आहे."

"ते सगळे येगयेगळं सांगतात."

डॉक्टरांनी हिरालालकडे बघितलं. तो खिडकीकडे बघत होता. "काका, यांना आता बरं वाटतं आहे," त्या म्हणाल्या. "पहाटे जाग येणं, भूक जाणं, स्वतःला दोष देत बसणं, असं काही परत दिसलं तर लगेच इकडे यायचं, ते तुम्हाला माहीत आहे. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. पण खरं ऐकून माणूस रडला, तर तो आजार नव्हे. त्यांच्यापासून किती दिवस लपवणार?"

घरी पोचल्यावर शांता म्हणाली, "मी मोनाकडे जातो. एकलीच."

आजारानंतर ती एकटी भाजी आणायलाही फारशी जात नसे. हिरालाल नको म्हणाला, मग मी येतो म्हणाला. शेवटी यशदीपनेच तिकीट काढलं आणि रविवारी सकाळी तिला खिडकीपाशी बसवून, गाडी हलेपर्यंत प्लॅटफॉर्मवर उभा राहिला. दुर्ग गेलं, राजनांदगाव गेलं. डोंगरगडला डोंगरावरची बुद्धमूर्ती दिसते का म्हणून तिने वाकून पाहिलं. कधी काळी मोनालीला कडेवर घेऊन ती तो डोंगर चढली होती. ते सगळं जागच्या जागी होतं, पायऱ्यांवरच्या उन्हासकट.

मोनाली स्टेशनवर आली होती. घरी जेवणं झाली, अभिनव मित्राकडे निघून गेला. दोघी पलंगावर बसल्या. मोनाली धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मोना, तुझ्या लग्नाचं सांग."

"मम्मी, फिर वही."

"तुझे पप्पा म्हणतात मी सगळ्याइशी बोलली. सुशीलाबाई म्हणते रडली. ते खोटं आहे, मले माहीत आहे. खरं तू सांग. मी ऐकू शकतो आता."

मोनालीने हातातला टॉवेल पुन्हा उघडला, पुन्हा घडी घातली. मग सांगायला लागली. कधी मराठी, कधी हिंदी, खाली बघत.

"सकाळी तू आंघोळच करत नव्हती. सुशीलाकाकूनं तुले आंघोळ घातली, साडी नेसवली. भवनात तू आतल्या खोलीत गादीवर पडून होती, भिंतीकडे तोंड करून. पाहुणे विचारत, तर पप्पा सांगत, बीपी आहे. हार घालताना तुले बाहेर आणलं. सगळे पंचशील म्हणत होते, और तुम्हारे होंठ बंद थे. मी मधून मधून तुझ्याकडेच पाहत होती. भंतेजी काय म्हणून राहिले, ते मले ऐकूच येत नव्हतं. फोटोत पाहा, पप्पानं प्रत्येक फोटोत तुझं कोपर धरलं आहे. छोडते तो तुम गिर जाती."

"आणि बिदाई?"

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. स्कूटर एकदाची निघून गेल्यावर मोनाली म्हणाली, "मी तुले मिठी मारली. तुझे हात तसेच खाली होते. मी थांबली, वाट पाहिली. मग तू म्हणाली, जा लवकर, मले पडू दे."

शांताने आपले दोन्ही हात मांडीवर घेतले.

"मले माहीत आहे बिमारी होती," मोनाली म्हणाली. "डॉक्टरनं फोनवर समजावलं, मी इंटरनेटवरही वाचलं. गुस्सा नाही आहे मले. पर मम्मी, लग्न म्हटलं का मले तेच याद येते. म्हणून मी फोनवर टाळतो. तुम पूछती हो, और मैं क्या बोलूँ?"

"अजून सांग," शांता म्हणाली.

"अजून काय?"

"सगळं. माझी साडी कोणती होती, ते तर फोटोत दिसते. मी जेवली का? मले घरी कोणी नेलं?"

मोनालीने सांगितलं. जेवली नाही, यशदीपने दोन घास भरवले, ते तसेच तोंडात राहिले. घरी सुशीलाकाकूंच्या गाडीतून नेलं. एकेक गोष्ट शांता ऐकत गेली आणि मान हलवत गेली. कुणी दुसऱ्या बाईचं दुखणं सांगावं तसं ते होतं, आणि तरीही इतके महिने ऐकलेल्या सगळ्यापेक्षा हेच तिला आपलं वाटलं. फोटोतल्या त्या बाईचा चेहरा आता कळत होता.

"मी तिथं नव्हतीच, मोना," ती शेवटी म्हणाली.

"हव," मोनालीने मान डोलावली.

"पण मले तिथं राहाचं होतं."

तेव्हा मोनालीला रडू आलं. लहानपणी यायचं तसं, तोंड वाकडं करून. "मलेही तूच पाहिजे होती," ती म्हणाली. "कितनी सारी औरतें थीं वहाँ. मले तूच पाहिजे होती."

शांताने तिला जवळ घेतलं. घड्या घातलेले कपडे पलंगावरून खाली पडले, ते कुणी उचलले नाहीत.

नंतर चहा पिताना मोनालीने विचारलं, "तू बरी असती तर काय केलं असतं?"

"मी?" शांताने थोडा विचार केला. "आदल्या दिवशी तुझ्या डोक्याले तेल लावलं असतं, तू नाही म्हटलं तरी. तुझा ब्लाऊज मीच शिवला असता. तो बाहेरून शिवलेला दिसते, खांद्यावर चढला आहे, फोटोत पाहा. आणि बिदाईच्या वेळी तुझ्या कानात एक सांगाचं होतं. ते मी तुझ्या दहावीपासून ठरवून ठेवलं होतं."

"काय?"

"माझ्या लग्नात माझ्या मायनं मले सांगितलं, कोणी काही बोललं तर चूप राहाचं. मी राहिली. मले तुले सांगाचं होतं, चूप राहू नको."

मोनाली डोळे पुसत हसली. "वो तो मैं पहले दिन से नहीं रही. अभिनव को पूछ लो."

"हव, ते दिसून राहिलं," शांता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने ती रायपूरला परतली. हिरालाल प्लॅटफॉर्मवर उभा होता. तिच्या हातातली पिशवी त्याने घेतली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं, तसं त्याला सगळं समजलं.

"बसा जरा," शांता म्हणाली. बाकावर जागा होती. "काहून खोटं सांगितलं?"

"मले भेव वाटे," तो म्हणाला. "ऐकून तू परत तशीच पडून राहिली तर?"

"आणि?"

"आणि काय?"

"तुम्ही कसे होते त्या दिवशी? ते मले कोणीच नाही सांगितलं."

हिरालालने पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. समोरून एक मालगाडी जायला लागली. लांबलचक गाडी होती, सगळे डबे कोळशाचे. ती जाईपर्यंत बोलता येण्यासारखं नव्हतं.

"मी एकलाच होतो, शांता," तो म्हणाला. "दीडेकशे माणसं होते, आणि मी एकलाच. मोना स्टेजवर चढली, तेव्हा मले तुले म्हणायचं होतं, पाहा, किती मोठी दिसून राहिली. मी म्हटलंही. तू ऐकलं नाही. त्याच्यानंतर मी कोणाशीच त्या दिवसाचं बोललो नाही. मी सगळं तुलेच सांगतो ना. आता हे कोणाले सांगू?"

शांताने त्याच्या हातावर हात ठेवला. आजूबाजूला माणसं होती, तिने पर्वा केली नाही. "मले सांगा," ती म्हणाली. "सकाळपासून सांगा. तुम्ही कितीले उठले?"

"झोपलोच कुठं होतो," हिरालाल म्हणाला, आणि सांगायला लागला. यशदीपचा फोन दोनदा येऊन गेला, तरी ते तिथेच बसले होते.

तो दिवस शांताला नंतरही कधी आठवला नाही. दर महिन्याला तपासणी, रोजच्या गोळ्या, हे चालू आहे. कुणी लग्नाचं विचारलं तर आता ती म्हणते, "मी बिमार होती तेव्हा. मले याद नाही." कुणी त्यावर गप्प होतं. एकदोघींनी मात्र दार लोटून घेतलं आणि आपल्या घरातल्या माणसाचं असंच दुखणं हळूच सांगितलं, तेव्हा तिने राधिका मॅडमचा वार आणि खोली नंबर सांगितला.

यंदा फेब्रुवारीत पलीकडच्या गल्लीतल्या रुचिताचं लग्न त्याच भवनात होतं. शांता पाहुणे यायच्या आधीच जाऊन पुढच्या खुर्चीवर बसली. हार घालताना उभी राहून पाहिलं, पंचशील सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हटलं. जेवणं झाली, खुर्च्या उचलायला लागले. हिरालाल दोनदा येऊन म्हणाला, "चाल ना, उशीर झाला."

"थांबा," ती म्हणाली. "बिदाई होऊ द्या."

मग दाराशी रुचिता आपल्या आईच्या गळ्यात पडली, आणि आईचे दोन्ही हात तिच्या पाठीवर आले. ते हात सुटेपर्यंत शांता तिथे उभी होती.